न्यूरो आयसीयूत रुजू होणाऱ्या सिस्टरला पत्र

प्रिय मुली,

पुढच्या महिन्यापासून तुझी ड्यूटी न्यूरो आयसीयूत लागली आहे. मेडिसिन वॉर्डात शिकलीस त्यातलं बरंच इथे कामी येईल, पण एक सवय मोडावी लागेल. तिथे आपण आकडा नॉर्मल आहे का ते बघतो. इथे आधी बघायचं ते मागच्या तासाला काय होतं. कालपासून जीसीएस (शुद्धीचे गुण, 15 म्हणजे पूर्ण शुद्ध) 9 वर टिकून असलेल्या पेशंटपेक्षा 14 वरून 12 वर आलेला पेशंट जास्त धोक्यात असू शकतो, आणि हा फरक दिसतो तो फक्त कॉटपाशी उभ्या असलेल्या माणसाला.

याचं कारण कवटीच्या रचनेत आहे. आत साधारण 80 टक्के मेंदू, 10 टक्के रक्त आणि 10 टक्के सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) असतं. मोठ्या माणसाची कवटी ताणत नाही. आत रक्तस्राव झाला किंवा सूज आली की आधी सीएसएफ पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि तोवर दाब फारसा वाढत नाही. ही मोकळी जागा संपली की पुढच्या थोड्याशा मिलिलिटरनेही दाब झपाट्याने चढतो. "सकाळी बोलत होता हो, अचानक काय झालं?" असं नातेवाईक विचारतात ते यामुळेच. एक्स्ट्राड्युरल (कवटी आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणामधल्या) रक्तस्रावात तर कधीकधी पेशंट मध्ये काही तास अगदी शुद्धीवर असतो आणि मग घसरतो. हेल्मेटशिवाय दुचाकीवरून पडलेला, उलटी झालेला आणि "आता बरं वाटतंय, घरी सोडा" म्हणणारा पेशंट म्हणूनच तुझ्या नजरेसमोरून हलू देऊ नकोस.

मोठ्या माणसात आडव्या स्थितीत आयसीपी (कवटीतला दाब) साधारण 5 ते 15 मिमी पारा असतो. 22 च्या वर टिकून राहिला तर उपचार लागतात. पण नुसत्या आयसीपीकडे बघून चालत नाही. मेंदूला रक्त पोचतंय का हे सीपीपी (मेंदूला रक्त पोचवणारा दाब) सांगतो, म्हणजे मीन (सरासरी) बीपी वजा आयसीपी. बीपी 110/65 असेल तर मीन 80 येतो. आयसीपी 25 असेल तर सीपीपी उरतो 55, आणि आपल्याला हवा असतो 60 ते 70. त्यामुळे डोक्याच्या पेशंटचं बीपी पडणं ही इमर्जन्सी समज. थोडा वेळ पडलेलं बीपी आणि थोडा वेळ उतरलेलं सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) हे दोन्ही मार लागलेल्या मेंदूचं दुसऱ्यांदा नुकसान करतात. पहिली इजा आपल्या हातात नसते, दुसरी बऱ्याच अंशी असते.

ड्यूटी बदलताना जीसीएसची बेरीज सांगून ओव्हर देऊ नकोस. "जीसीएस 10" यातून काहीच कळत नाही. "ई 3, व्ही 2, एम 5" (ई डोळे उघडणं, व्ही बोलणं, एम हालचाल) असं सुटं सांग आणि ओव्हर घेणाऱ्या सिस्टरसमोर एकदा दोघींनी मिळून तपासा. तिघांत एम सगळ्यात मोलाचा. तिथे चुका होतात त्या अशा. पेशंट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला मजूर असतो आणि आपण मराठीत "हात वर करा" म्हणतो. त्याला कळत नाही, आपण एम 5 लिहितो. त्याच्या भाषेत सांग, नातेवाइकाला सांगायला लाव. दुसरी चूक म्हणजे "माझा हात दाबा". तळहातात बोट ठेवलं की नुसत्या रिफ्लेक्सनेही मूठ वळते. त्यापेक्षा "जीभ बाहेर काढा" किंवा "दोन बोटं दाखवा" सांग. दाबायलाच सांगितलंस तर "आता सोडा" हेही सांग, आणि तो सोडतो का ते बघ. वेदना द्यायची तर खांद्याचा ट्रॅपेझियस स्नायू हळूहळू जोर वाढवत 10 सेकंदांपर्यंत दाब. छातीच्या हाडावर बोटांची पेरं घासू नकोस, त्याने फक्त काळेनिळे डाग उरतात. श्वासनलिकेत ट्यूब असेल तर व्ही 1 नाही, "टी" लिही. डोळे सुजून बंद असतील तर ई 1 नाही, "सी".

बाहुल्या बघताना खोलीतला उजेड कमी कर, टॉर्च बाजूने आण, आणि आकार मिलिमीटरमध्ये लिही. "इक्वल, रिॲक्टिंग" हा शिक्का न बघता मारला जातो. एक बाहुली मोठी होऊन आळसावली, तर त्या बाजूचा मेंदू खाली सरकून बाहुली आवळणारी तिसरी नस (क्रेनियल नर्व्ह) दाबतोय असं धरूनच हाक मार. अर्थात डोळ्यात थेंब घातलेत का, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, हे पहिल्याच दिवशी चार्टवर लिहिलेलं असावं. बीपी चढणं, नाडी मंदावणं आणि श्वास अनियमित होणं ही कुशिंगची त्रयी परीक्षेत तू घोकली असशील. ती उशिराची खूण आहे. तिच्यासाठी थांबलीस तर उशीर झालाच.

आता पेशंटची स्थिती. हेडएन्ड (कॉटची डोक्याकडची बाजू) 30 अंश, नाक-हनुवटी-बेंबी एका रेषेत. मान एका बाजूला कलली की गळ्याची शीर दाबली जाते आणि डोक्यातलं रक्त उतरत नाही. आयसीपी वाढला की औषधाकडे धावण्याआधी मान सरळ कर, ईटी (श्वासाच्या) ट्यूबची टेप आणि मानेची कॉलर फार आवळलेली नाही ना बघ, पेशंट कॉटवर खाली घसरून कमरेत दुमडलेला नाही ना बघ. अनेकदा एवढ्यानेच आकडा उतरतो. मणक्याची इजा आहे की नाही हे ठरलेलं नसेल तर पाठ न वाकवता अख्खी कॉट तिरकी कर. कूस बदलताना किमान चौघं लागतात. डोकं धरणारा एक, आणि "एक, दोन, तीन" तोच म्हणणार. मामा-मावशी (वॉर्डबॉय-आया) घाईत असतील तर थांबवायचं काम तुझं. नातेवाईक प्रेमाने जाड उशी सरकवतात आणि हनुवटी छातीला टेकते. त्यांना रागावू नकोस, कारण समजावून सांग, मग तेच राखण करतात.

सक्शन (ट्यूबमधला कफ ओढून काढणं) हे ठरलेल्या तासाला उरकायचं काम नाही. घरघर असेल, सॅच्युरेशन उतरत असेल, व्हेंटिलेटरचं प्रेशर चढत असेल तरच. आधी अर्धा ते एक मिनिट 100 टक्के ऑक्सिजन, कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको, आत 10 सेकंदांहून जास्त थांबू नको, एका वेळी दोनपेक्षा जास्त फेऱ्या नको. सक्शन, तोंडाची निगा, स्पंजिंग, कूस बदलणं हे सगळं एका दमात उरकायचा मोह होतो. मेडिसिनमध्ये ते शहाणपण ठरतं, इथे प्रत्येक कामाने चढलेला आयसीपी आधीच्यावर रचला जातो. दोन कामांत श्वास घ्यायला वेळ दे, आकडा मूळ जागी आला की पुढचं कर. पाच मिनिटांत उतरला नाही तर कळव.

पेशंट चुळबुळ करतोय, नळ्या ओढतोय, तर "हात बांधा, मिडाझोलॅम (गुंगीचं औषध) द्या" ही आयसीयूतली सगळ्यात वाईट सवय, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सॅच्युरेशन बघ. मग फोलीजची (लघवीची) नळी पिळली किंवा अडली आहे का बघ. भरलेलं मूत्राशय आयसीपी चांगलाच चढवतं. मग वेदना, ताप, साखर, चार-पाच दिवस न झालेली शौच. हे सगळं ठीक असेल तर चुळबुळ हेच वाढत्या दाबाचं पहिलं लक्षण असू शकतं, आणि शामक दिल्यावर ते झाकलं जातं. कॅज्युअल्टीत हाच घोटाळा "दारू प्यायलाय, झोपू दे" या वाक्याने होतो. दारूचा वास येत असला तरी साखर तपासायची, जीसीएस दर अर्ध्या तासाला बघायचा, सीटीचं विचारायचं.

मॅनिटॉल म्हणजे मेंदूची सूज आणि दाब उतरवणारं औषध. त्याचा हिशेब तोंडपाठ हवा. 20 टक्क्यांच्या 100 मिलिलिटर बाटलीत 20 ग्रॅम. 60 किलोच्या पेशंटला किलोमागे 1 ग्रॅम सांगितलं तर 300 मिलिलिटर, म्हणजे तीन बाटल्या. एसीच्या गारव्यात त्यात स्फटिक धरतात. उजेडासमोर धरून बघ, स्फटिक दिसले तर बाटली गरम पाण्यात ठेवून विरघळव, अंगाच्या तापमानावर येऊ दे, आणि फिल्टरचा सेट लाव. 15 ते 20 मिनिटांत जायला हवं. तासभर थेंबथेंब सोडलं तर हवा तो परिणाम मिळत नाही. फोलीज असायलाच हवी, लघवी दर तासाला मोजायची, कारण लघवीवाटे पाणी जाऊन बीपी पडतं आणि सीपीपीच घसरतो. बीपी आधीच कमी असेल तर देण्याआधी विचार. तिथे बहुधा 3 टक्के सलाइन निवडलं जातं, आणि मग सोडियमचे रिपोर्ट वेळेवर जातील हे तू बघायचं. मॅनिटॉल शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून लाइन आधी तपास.

5 टक्के डेक्स्ट्रोज चुकूनही लावू नकोस. साखर वापरली गेली की उरतं निव्वळ पाणी आणि ते सुजलेल्या मेंदूत शिरतं. फेनिटॉइनही (झटक्यांचं औषध) डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं की साका धरतो. ते नॉर्मल सलाइनमध्येच, मिनिटाला 50 मिलिग्रॅमहून जलद नाही, मॉनिटर लावून. डोक्याच्या माराला स्टेरॉइड द्यायची जुनी पद्धत 2004 च्या क्रॅश अभ्यासानंतर मागे पडली, त्यात मृत्यू वाढलेले दिसले होते. ट्यूमरच्या सुजेला मात्र डेक्सामेथासोन चालतं, तेव्हा दोन कॉटच्या ऑर्डरींची गल्लत करू नकोस.

नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं गळत असेल, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळंनिळं असेल, तर कवटीच्या तळाला फ्रॅक्चर धर. नाकातून रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) नाही, नाकात सक्शन नाही, बोळे कोंबणं नाही. ट्यूब तोंडातून.

ईव्हीडी (मेंदूतलं सीएसएफ बाहेर काढणारी नळी) असेल तर शून्याची पातळी कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याशी, आणि कॉट वरखाली केली की पुन्हा जुळव. कूस बदलताना, सीटीला नेताना क्लॅम्प बंद, नंतर आठवणीने उघड. बंद राहिला तर दाब चढतो. उघडा असताना हेडएन्ड वर केला तर सीएसएफ भराभर वाहून मेंदू कवटीपासून ओढला जातो आणि सबड्युरल रक्तस्राव होऊ शकतो. नळीतली पातळी नाडीबरोबर हलायची थांबली तर नळी अडली समज आणि न्यूरोसर्जनला सांग. स्वतः फ्लश करायचं नाही.

लघवी लागोपाठ दोन तास 250 ते 300 मिलिलिटरच्या वर गेली आणि मॅनिटॉल दिलेलं नसेल, तर डायबेटिस इन्सिपिडसची (मेंदूच्या इजेने लघवीवाटे पाणी वाहून जाण्याची, साखरेच्या मधुमेहाची नव्हे) शंका सांग.

रात्री अडीचला फोन करताना "पेशंट बरा वाटत नाही" म्हणू नकोस. असं सांग: "कॉट सहा, डोक्याचा मार, दुसरा दिवस. दोन वाजता ई 3 व्ही 4 एम 6 होता, आता ई 2 व्ही 2 एम 5. उजवी बाहुली 3 ची 5 झाली, मंद हलते. बीपी 170/80, नाडी 54, सॅच्युरेशन 98. हेडएन्ड 30, मान सरळ केली आहे. मॅनिटॉल तयार ठेवू का? सीटीला कळवू का?" समोरून "बघतो" आलं तर किती वाजता येताय ते विचार, ती वेळ चार्टवर लिही, आणि तेवढ्यात कोणी आलं नाही तर थेट वरच्या डॉक्टरांना फोन लाव. कोणी रागावलं तर ते मी बघून घेईन.

तुझी,
ताई