वाचकांचे प्रश्न : वेल्समधले बाला आणि मेरी जोन्सचे बायबल

प्रश्न : मेरी जोन्स ही मुलगी बायबल घ्यायला अनवाणी बालाला गेली, ही गोष्ट खरी आहे का?

उत्तर : गाभा खरा आहे. मेरी १७८४ च्या डिसेंबरातली, विणकराची मुलगी. १८०० मध्ये ती सुमारे २५ मैल (४० किलोमीटर) चालून उत्तर वेल्समधल्या बाला या गावी, तिथले धर्मोपदेशक टॉमस चार्ल्स यांच्याकडे गेली. तिने घेतलेली प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. आपण हे वयाच्या सोळाव्या वर्षी विकत घेतले, असे तिने त्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. भेटीचा तपशील मात्र डळमळीत आहे. कोणी सांगतात, दुसऱ्यासाठी राखलेली प्रत चार्ल्स यांनी तिला दिली. कोणी सांगतात, ती थांबून राहिली आणि शेवटी तिला तीन प्रती मिळाल्या. तेव्हा गोष्टीतले संवाद इतिहास म्हणून उद्धृत करू नयेत.

खरे तर विचारायला हवे ते हे, की बायबल इतके दुर्मीळ का होते? वेल्श बायबल १५८८ पासून होते. विल्यम मॉर्गन यांनी ते तयार केले. पण वाचणारे थोडे. चार्ल्स यांनी फिरत्या शाळा चालवल्या : शिक्षकाने एका गावात काही महिने राहायचे, वाचायला शिकवायचे आणि पुढच्या गावी जायचे. मागोमाग रविवारच्या शाळा आल्या आणि त्यांत मोठी माणसेही बसू लागली. शिक्षण वेल्शमध्येच, म्हणून वाचक भराभर वाढले. छपाई मागे पडली. १७९९ च्या आवृत्तीच्या १०,००० प्रती हातोहात संपल्या. १८०२ च्या डिसेंबरात चार्ल्स लंडनला गेले आणि वेल्श लोकांसाठी बायबलच्या प्रती हव्यात म्हणून त्यांनी तिथल्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी या धार्मिक पुस्तिका छापणाऱ्या संस्थेच्या समितीपुढे मागणी मांडली. वेल्ससाठी संस्था काढायची तर साऱ्या जगासाठी का नको, असा विचार तिथेच पुढे आला आणि ७ मार्च १८०४ रोजी ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली. एकट्या मेरीच्या पायपिटीला हे श्रेय देणे म्हणजे त्या शाळांवर अन्याय आहे.

प्रश्न : एका दिवसात बालात काय पाहावे?

उत्तर : कापेल तेगिद या चॅपलसमोर (मेथडिस्टांच्या प्रार्थनागृहासमोर) चार्ल्स यांचा पुतळा आहे. तो पाहून गावालगतच्या सरोवराच्या उत्तर काठाने सुमारे मैलभरावर लानअकिल या खेड्यात जा. तिथल्या चर्चच्या आवारात चार्ल्स यांची समाधी आहे आणि चर्चमध्येच २०१४ पासून मेरी जोन्सवरचे प्रदर्शन आहे. निघण्यापूर्वी ते उघडे असल्याची खात्री करून घ्या. सरोवराकाठची छोटी रेल्वे धरली की तिथे उतरता येईल, असा अनेकांचा समज असतो. ती दक्षिण काठाने जाते, लानअकिल समोरच्या काठावर राहते. मोठ्या रेल्वेने येणाऱ्यांनी रुआबनला उतरून बस धरावी.

प्रश्न : बालातल्या १८०० च्या सुमारच्या एका मेथडिस्ट कुटुंबाचा शोध घेते आहे. चॅपलच्या कागदांत काहीच सापडत नाही.

उत्तर : तुम्ही चुकीच्या वहीत शोधत आहात. बाला लानअकिल पॅरिशमध्ये (तिथल्या चर्चच्या हद्दीत) मोडत असे, म्हणून नोंदी त्या नावाखाली पाहा. शिवाय वेल्श मेथडिस्ट पंथाचे लोक १८११ पर्यंत अँग्लिकन चर्चमध्येच (इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये) होते; त्या जूनमध्ये बालातच त्यांनी स्वतःच्या उपदेशकांना दीक्षा दिली आणि वाट वेगळी झाली. त्याआधीचे बाप्तिस्मे बहुधा पॅरिशच्या वहीतच सापडतील. विवाहांचे तर १७५४ ते १८३७ या काळात कायद्यानेच बंधन होते : क्वेकर (एक छोटा ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांचे विवाह अँग्लिकन चर्चमध्येच. चॅपलच्या जुन्या वह्या नंतर सरकारकडे जमा झाल्या; त्या लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पॅरिशची वही पुसट असेल तर बिशपकडे पाठवलेली तिची नक्कल अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मागा.

आणखी एक अडचण आडनावांची. बापाचे नाव हेच मुलाचे आडनाव होई, त्यामुळे एकाच घरात पिढीगणिक आडनाव बदललेले दिसते आणि जोन्स तर गल्लोगल्ली. नुसत्या नावावर भिस्त ठेवू नका. शेताचे किंवा घराचे नाव जुळले तरच ती व्यक्ती तुमची धरा.