जेनकिन्स दर पंधरा दिवसांनी का रुसतो?

प्रश्न : सर, कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे, पाच जण आहोत, फौंड्रीवाल्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करतो. एक जुना डेस्कटॉप पडून होता, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, त्यावर उबुंटू टाकून जेनकिन्स बसवला, म्हणजे आम्ही लिहिलेल्या कोडपासून आपोआप तयार प्रोग्रॅम बनवून देणारं सॉफ्टवेअर. पहिले पंधरा दिवस लई भारी चालला, मग बिल्ड (प्रोग्रॅम बनवायची एकेक फेरी) नुसते रांगेत उभे, सुरूच होत नाहीत, लाल एरर पण नाही. रिस्टार्ट केला तरी तेच. वर्कस्पेस, म्हणजे बिल्ड जिथं चालतो तो फोल्डर, उडवली की चालतो, परत काही दिवसांनी तेच रडगाणं. शिवाय आमचा कोड असतो त्या गिटहबवर वेबहूक टाकलाय, म्हणजे नवीन कोड आला की गिटहबनं जेनकिन्सला कळवायचं, तरी पुश केल्यावर (नवा कोड चढवल्यावर) बिल्ड आपोआप सुरू होत नाही. मित्र म्हणतो राउटरवर ८०८० पोर्ट, म्हणजे जेनकिन्सचा दरवाजा, बाहेरच्या इंटरनेटला उघड, झालं काम. उघडू का?

उत्तर : आधी ते पोर्ट. उघडू नका. जानेवारी २०२४ मध्ये जेनकिन्समध्ये एक भोक सापडलं होतं, लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवरच्या फाइलींमधलं वाचू शकायचा. ते २.४४२ आणि एलटीएसच्या (जास्त दिवस सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्तीच्या) २.४२६.३ मध्ये बुजवलं, पण जुन्या डेस्कटॉपवर एकदा बसवलेलं सॉफ्टवेअर आपण किती वेळा अपडेट करतो हे तुम्हाला पण माहितीय आणि मला पण.

आणि उघडून फायदा होईलच असंही नाही. बऱ्याच ब्रॉडबँड लायनींना स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, कंपनी अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देते. म्हणजे अख्ख्या चाळीला एकच घर नंबर, पोस्टमन दारात येऊन उभा राहणार आणि तुमचं पाकीट कुणाकडं द्यायचं ते त्याला कळणार नाही. त्यापेक्षा वेबहूकचा नाद सोडा आणि जॉबमध्ये (जेनकिन्सला नेमून दिलेल्या कामात) पोल एससीएम चालू करा, म्हणजे जेनकिन्सच दर पाच मिनिटांनी गिटहबला जाऊन विचारेल काय नवीन आलंय का. क्रॉनच्या, म्हणजे वेळापत्रकाच्या, ओळीत पहिल्या खान्यात एच स्लॅश पाच, बाकी चार खान्यांत तारे. एच टाकायचा तो अशासाठी की सगळे जॉब एकाच मिनिटाला धावत सुटत नाहीत.

आता रुसण्याचं. मला तरी ही डिस्कच वाटतेय. मॅनेज जेनकिन्समध्ये नोड्स (बिल्ड चालवणारी मशिनं) उघडून बघा, तुमच्या नोडवर लाल फुली असणार. मोकळी जागा १ जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स नोड आपणहून ऑफलाइन करतो, म्हणून एरर नाही, नुसती रांग. काहीजण ती १ जीबीची मर्यादाच कमी करतात, ते करू नका, डिस्क पूर्ण भरली की चालू बिल्ड मधेच मरतो आणि कॉन्फिगच्या फाइली अर्धवट लिहिल्या जायची भीती असते. खरं पाणी मुरतंय वेगळीकडंच, जॉब्जच्या फोल्डरमध्ये. तुम्ही सांगितलं नाही तर जेनकिन्स एकही जुना बिल्ड टाकून देत नाही. समजा दिवसाला २५ बिल्ड आणि प्रत्येकाचा २०० एमबीचा इन्स्टॉलर आर्काइव्ह होतोय, म्हणजे जपून ठेवला जातोय, तर रोजचे ५ जीबी, पंधरा दिवसांत ७५, वर उबुंटू आणि बाकीचा पसारा, बसला की हिशोब! जॉबमध्ये डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स लावा, बिल्ड शेवटचे २० ठेवा आणि अॅडव्हान्स्डमध्ये आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेल्या फाइली) फक्त शेवटच्या ३ चे. शेवटचा यशस्वी बिल्ड तो तसाही सांभाळून ठेवतो, घाबरू नका.

एक जाताजाता. बिल्ट-इन नोडचे, म्हणजे खुद्द जेनकिन्सचे, एक्झिक्युटर (एका वेळी किती बिल्ड चालवायचे तो आकडा) शून्य करा आणि त्याच मशीनवर दुसरा युजर काढून एजंट, म्हणजे बिल्ड चालवणारा गडी, म्हणून एसएसएचनं (सुरक्षित लॉगिननं) जोडा. नाहीतर बिल्डची कुठलीही स्क्रिप्ट जेनकिन्सच्याच हक्कानं चालते आणि गुपितांच्या फोल्डरपर्यंत पोचते. आणि डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यांत चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्या नव्या युजरला डॉकर ग्रुपमध्ये घालताना विचार करा, ते रूटच्या, म्हणजे मशीनच्या मालकाच्या, किल्ल्या दिल्यासारखंच आहे.

प्रश्न : पंचगंगा ४३ फुटांच्या वर गेली की आम्ही तळमजल्यावरची मशिनं वर चढवतो. यंदा जेनकिन्सचा बॅकअप म्हणून जॉब्ज फोल्डर आणि क्रेडेन्शियल्सची (साठवलेल्या पासवर्डांची) फाइल कॉपी केली, दुसऱ्या मशीनवर टाकली, जॉब आले पण एकही पासवर्ड चालेना. काय चुकलं?

उत्तर : किल्ली खालीच राहिली की हो! क्रेडेन्शियल्स कुलूपबंद असतात आणि ते कुलूप उघडतं सीक्रेट्स फोल्डरमधल्या मास्टर डॉट की या फाइलनं. तो अख्खा फोल्डर पाहिजे. आत हडसन नावानं सुरू होणारी फाइल दिसली तर जुना कचरा समजून उडवू नका, २०११ पर्यंत जेनकिन्सचं नाव हडसनच होतं आणि ती फाइल अजून लागते. मात्र मास्टर की बाकीच्या बॅकअपबरोबर एकाच ठिकाणी ठेवायची नाही, बॅकअप कुणाच्या हाती लागला तर किल्लीसकट लागतो. ती वेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह पाणी न येणाऱ्या भागातल्या कुणाच्या तरी घरी. जुनी डिस्क जिवंत असेल तर सीक्रेट्स तिथनं उचला, नसेल तर पासवर्ड सगळे नव्यानं भरावे लागतील.