गर्भपिशवीच्या तोंडाला सूज आहे, म्हणजे कॅन्सर होणार का?

प्रश्न : डॉक्टर ताई, मी निफाड तालुक्यातली, वय ४१, तीन बाळंतपणं झालीयेत. मागच्या वर्षी माझ्या जावेला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, नाशिकला ट्रीटमेंट चालू आहे. मला अंगावरून पांढरं जातं म्हणून दाखवलं तर डॉक्टर म्हणाले सूज आहे, जखमही आहे, पिशवी काढून टाका नाहीतर पुढे कॅन्सर होईल. मी सात वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्यात, त्या बंद करून तीन वर्षं झाली. त्या गोळ्यांनी झालं का हे? सासूबाईंनी जावेचं ताट-टॉवेल पण वेगळं केलंय. खूप भीती वाटते.

उत्तर : ताई, आधी ताटाचं सांगते, आजच ते परत एकत्र करा. हा कॅन्सर ताटातून, टॉवेलातून, संडास-बाथरूममधून कुणालाच होत नाही आणि तिला आत्ता घरातल्यांची माया पाहिजे.

आता तुमचं. या कॅन्सरच्या मुळाशी जवळजवळ नेहमी एक व्हायरस असतो, एचपीव्ही. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, पण सुमारे ७० टक्के केसेस १६ आणि १८ नंबरच्या दोन प्रकारांमुळे होतात. हे नातं शोधलं म्हणून जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होतोच, वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो, त्यामुळे तो सापडला म्हणून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेऊ नका. बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हाकलून लावतं. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, आणि त्यालाही साधारण १५-२० वर्षं लागतात.

मग गोळ्या आणि सूज कुठे आल्या? तुम्ही द्राक्षाच्या भागातल्या, तुम्हाला पटकन कळेल. नुसत्या ढगाळ हवेनं वेलीवर डाऊनी रोग येत नाही, बुरशी बागेत असावी लागते, पण ती असली की ओलाव्यात झपाट्यानं पसरते. तसंच हे. पाच वर्षांपेक्षा जास्त गोळ्या घेतल्या, जास्त बाळंतपणं झाली, तर व्हायरस असलेल्या बाईचा धोका वाढतो, कारण पिशवीच्या तोंडाच्या ज्या पट्ट्यात व्हायरस शिरतो तिथल्या पेशी हार्मोन्सना प्रतिसाद देतात. गोळ्या बंद केल्या की तो धोका कमी होत जातो आणि दहाएक वर्षांत न घेतलेल्या बाईइतका होतो, तुमची त्यातली तीन वर्षं झालीच. क्लॅमिडियासारख्या इन्फेक्शनची जुनी सूज असली तर शरीराला व्हायरस हाकलणं अवघड जातं, तंबाखू-मिश्रीनं पण नुकसान होतं, मिश्री लावत असाल तर कृपा करून सोडा.

पण ज्याला 'जखम' म्हणतात ती बऱ्याचदा जखम नसतेच! आतली नाजूक लाल त्वचा हार्मोन्समुळे बाहेरच्या बाजूला आलेली असते, गोळ्या घेणाऱ्यांत, तरुण बायकांत हे नेहमी दिसतं आणि तो कॅन्सर नाही. पांढऱ्या जाण्याचं कारण साधं इन्फेक्शनही असतं, औषधानं बरं होतं. नुसत्या सूज-जखमेसाठी पिशवी काढायची मला अजिबात पटत नाही, माझ्याकडे अशा बऱ्याच बायका येतात आणि दरवेळी वाईट वाटतं. तपासणी न करता ऑपरेशनला हो म्हणू नका.

तपासणी म्हणजे पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासणं) किंवा एचपीव्ही टेस्ट, किंवा व्हिनेगरसारखं ॲसिटिक ॲसिड लावून बघायची साधी टेस्ट, ही शेवटची सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे, आशाताईंना विचारा. आपल्याच उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात लाखाच्या वर बायकांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये निकाल छापून आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. टेस्टमध्ये कॅन्सरच्या आधीचे बदल सापडले तर तेवढाच भाग गोठवून किंवा काढून भागतं, बहुतेक वेळा पिशवी शाबूत राहते.

संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी गेल्यावर रक्त, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर मात्र लगेच जा, द्राक्षाचा हंगाम संपायची वाट बघू नका.

घरात ९ ते १४ वयाची मुलगी असेल तर तिला एचपीव्हीची लस द्या, पुण्यात बनलेली सर्व्हाव्हॅक आता मिळते. लस घेतलेल्या मुलींनीही मोठेपणी तपासणी करायचीच.

तपासणीला पाळी चालू असताना जाऊ नका आणि आदल्या दोन दिवसांत आत कुठलीही गोळी-क्रीम ठेवू नका. रिपोर्ट आला की मला लिहा.