शाळेच्या स्वयंपाकघरात नवी माणसं

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीचा पट ९० आहे. पोषण आहारासाठी स्वयंपाकी-मदतनीस किती घ्यायचे आणि त्यांना काय शिकवायचं?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : केंद्राच्या निकषानुसार २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० पर्यंत दोघी. म्हणजे तुम्हाला दोघी लागतील. निवडीचा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत घ्या आणि इतिवृत्तात लिहा. तोंडी ठरवलं की पुढे मानधनावरून वाद होतात.

शिकवताना पहिला आठवडा वजनकाट्याला द्या. पहिली ते पाचवीला मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. ९० मुलं हजर असतील तर तांदूळ ९ किलो, डाळ १ किलो ८०० ग्रॅम. नेहमीची चूक म्हणजे पटावरून माप काढणं. हजेरी घेतल्यावरच धान्य काढा. तांदूळ आणि डाळीचे डबे वेगळे ठेवा आणि त्यांवर वजनाच्या खुणा करा, एकच वाटी दोन्हींना चालत नाही.

डाळ कच्ची राहते, कारण टोमॅटो किंवा चिंच आधी पडते. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. उरलेला भात दुसऱ्या दिवशी मुळीच वापरू देऊ नका, त्यातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात वाढतात. हे नुसतं सांगून भागत नाही, कारण घरी शिळा भात फोडणीला घालतात आणि तीच सवय शाळेत येते. कारण समजावा.

गॅसची गळती साबणाच्या फेसाने तपासायला लावा. वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत सही करावी.