बियाण्याचं विचारा : आधी शंभर दाणे मोजा

प्रश्न : काका, राम राम. आम्ही औसा तालुक्यातले, पाच एकर रान, सगळं सोयाबीनच. मागच्या साली नवीन सर्टिफाईड बियाणं आणलं होतं, त्याचंच यंदा बियाण्यासाठी ठेवलंय. पण आमचे हे म्हणतात घरचं नको, दुकानातनं बॅगाच आणू, नाही उगवलं तर निदान कुणाला तरी धरता येतं. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही निम्मं निम्मं बरोबर आहे. सोयाबीन काही बीटी कपाशीसारखं दरसाल विकत घ्यायचं हायब्रिड नाही, सरळ वाण आहे, एकदा सर्टिफाईड आणलं की दोन-तीन वर्षं घरचंच पेरता येतं. पैसे वाचतात हे तर आहेच.

पण हा दाणा भलता नाजूक. दिसायला टणक, पण साल कागदासारखी पातळ आणि कोंब त्या सालीच्या लगेच खाली, त्यामुळे थ्रेशर जोरात फिरवला, पोतं ट्रॉलीतनं धाडकन खाली टाकलं, की आत कोंब मेला आणि वरनं दाणा तसाच्या तसा पिवळाधमक. मी दुकान चालवायचो तेव्हा एका साली जागा नव्हती म्हणून माझ्याच गोडाऊनमध्ये सोयाबीनची चौदा पोत्यांची थप्पी लावली. एकच लॉट, वरच्या पोत्यातलं झकास उगवलं आणि तळाच्यातलं निम्मंसुद्धा नाही! लोकं दारात येऊन उभी राहिली, चूक माझीच होती, पैसे परत दिले. तेव्हापासून सातच्या वर थप्पी नाही. तुमची कशी आहे ते आजच बघा, आणि पोती फरशीवर नको, खाली लाकडी फळ्या टाका.

आता टेस्ट. गोणपाट भिजवून पिळून घ्या, प्रत्येक पोत्यातनं वरनं, मधनं, तळातनं मूठभर काढा आणि त्यातले न निवडता शंभर दाणे मोजा. न निवडता म्हणतोय हां, पोरांना बसवलं की ती छान छान दाणेच उचलतात आणि रिझल्ट नव्वदचा येतो. दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून मोजा, पण नुसता फुगलेला, बुरशी आलेला किंवा वाकडातिकडा कोंब निघालेला धरायचा नाही. सत्तर निघाले तर एकरी ३० किलो. साठ निघाले तर ३५ किलो. त्याच्याही बरंच खाली आलं तर सरळ मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, घाला, पेरायच्या भानगडीत पडू नका.

राहिलं तुमच्या ह्यांचं म्हणणं. बॅग म्हणजे गॅरंटी नव्हे हे २०२० च्या खरिपात सगळ्या मराठवाड्यानं बघितलंय. आदल्या साली काढणीला आलेलं सोयाबीन परतीच्या पावसात भिजलं होतं, त्याचं बियाणं झालं, आणि मग दुबार पेरण्या, तक्रारी, थेट औरंगाबाद खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं. तेव्हा बॅग आणलीत तरी गोणपाट चुकत नाही. सर्टिफाईडचा, म्हणजे सरकारी यंत्रणेनं तपासून प्रमाणित केलेल्याचा टॅग निळा असतो, ट्रुथफुलचा, म्हणजे कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लेबल लावते त्याचा, हिरवा. टॅगवर उगवण कमीत कमी ७० टक्के हवी. पिशवी खालच्या बाजूनं फोडा म्हणजे वरची शिलाई न् टॅग शाबूत राहतो, आणि मूठ-दोन मूठ बी, रिकामी पिशवी, पक्कं बिल, सगळं जपून ठेवा. नाहीच उगवलं तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, कमिटी येऊन पंचनामा करते. तो व्हायच्या आत रागारागानं रान मोडू नका, मग कुणालाच धरता येत नाही.

प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकलं तर लायसन्स लागतं का? आमच्या इथला दुकानदार केस करीन म्हणतोय.

उत्तर : दादा, म्हणू दे. १९६६ च्या बियाणे कायद्यातच सूट आहे, स्वतः पिकवलेलं बी आपल्या जागेवरून थेट पेरणाऱ्याला दिलं तर तो कायदा लागू होत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानंसुद्धा शेतकऱ्याला बी ठेवायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचा हक्क दिलाय. फक्त वाण संरक्षित असेल तर पिशवीत भरून, लेबल छापून, ब्रँड करून विकायचं नाही. उघड्या पोत्यातनं मापून द्या. आणि गोणपाटाची गुंडाळी गिऱ्हाइकासमोर उलगडून दाखवा, भावावरनं घासाघीस होणार नाही.

प्रश्न : बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम (मुळांना नत्र मिळवून देणारं जिवाणूंचं कल्चर) एकदमच चोळलं तर चालेल का? वेळ वाचतो.

उत्तर : नाही चालत, औषधानं कल्चरमधले जिवाणूच मरतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकलं की शेवटी रायझोबियम, १० किलोला २५० ग्रॅमचं पाकीट. आणि घमेल्यात तांदूळ धुतल्यासारखं खसाखसा चोळू नका, साल निघते. ताडपत्रीवर पसरून हलक्या हातानं खालीवर करा, सावलीत वाळवा न् त्याच दिवशी पेरा.