वाचक विचारतात : पागोळ्या गळू लागल्या आणि म्हातारा गप्प झाला

प्रश्न : अमेरिकेतील गुरांच्या रँचवर घडणारी एक जुनी वेस्टर्न कादंबरी नुकतीच वाचली. तीत ऐन हिवाळ्यात अचानक ऊब येते, छपरावरून पागोळ्या गळू लागतात आणि सगळे आनंदतात. एक म्हातारा काउबॉय मात्र गप्प होतो. पुढे हजारो गुरे मरतात. ऊब आल्यावर गुरे मरावीत हे कसे? मालकांनी वैरण का साठवली नव्हती? शिवाय शेवटी नायकाला गवत कापायला लावून लेखकाने कथेचा रंग घालवला, असे वाटले.

उत्तर : तो म्हातारा गप्प झाला, तेथेच लेखकाची जाण दिसते. भुसभुशीत बर्फाखालचे वाळके गवत जनावराला कसेबसे मिळते. पण वरचा थर वितळून पुन्हा गोठला की त्याची कडक पापडी बनते आणि गवत वीतभर खाली असूनही जनावर उपाशी राहते. घोडा पुढच्या खुराने बर्फ उकरतो. गाय तसे न करता नाकाने ढोसत राहते, त्यामुळे त्या पापडीच्या धारेने तिचे तोंड आणि पाय रक्तबंबाळ होतात. वादळात गुरे वाऱ्याला पाठ देऊन चालत सुटतात आणि काटेरी तारेचे कुंपण आडवे आले की तेथेच एकमेकांवर रेटून गोठतात.

अशा कादंबऱ्यांमागे बहुधा 1886-87 चा हिवाळा असतो. माँटाना, वायोमिंग आणि डकोटाच्या कुरणांवर आधीच्या कोरड्या उन्हाळ्याने गवत खुरटले होते, भाव पडल्याने अनेकांनी गुरे विकली नव्हती आणि त्यात जानेवारीत हिमवादळे आली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या कळपातील निम्म्याहून अधिक गुरे गेली. माँटानातील एका मालकाने गुरांची खबर विचारली, तेव्हा तेथे काम करणाऱ्या आणि पुढे चित्रकार म्हणून गाजलेल्या चार्ल्स रसेल यांनी उत्तरादाखल पोस्टकार्डाएवढे एक जलरंगचित्र काढले : बर्फात उभी असलेली, बरगड्या मोजता येतील अशी एकच गाय आणि ती पडण्याची वाट पाहणारे लांडगे.

वैरण न साठवण्यामागे आळसापेक्षा हिशेब होता. त्या मैदानांतील गवत उभ्या उभ्या वाळूनही सकस राहते, आणि आधीच्या बऱ्याच हिवाळ्यांत गुरे त्यावर तगली होती. सरकारी कुरण फुकट, चारा फुकट, या गणितावर ब्रिटनमधूनही पैसा आला. कळप तर पुष्कळदा प्रत्यक्ष न मोजता वहीतल्या आकड्यांवरच विकले जात; त्यामुळे त्या वसंतात 'मेलेल्या' गुरांपैकी काही मुळात जन्मलीच नव्हती, असे म्हणायला जागा आहे.

शेवटाबद्दल मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. खोगिरावरून होणार नाही ते काम आपले नाही, असे मानणारा काउबॉय त्या हिवाळ्यानंतर खरोखरच गवत कापू लागला, गंज्या रचू लागला, कुंपणे घालू लागला. पोटाला चारा आणि डोक्यावर आडोसा देता येणार नाही असे जनावर पुन्हा बाळगायचे नाही, असे ग्रॅनव्हिल स्ट्युअर्ट या माँटानातील जुन्या रँचमालकाने ठरवले होते. ते शेवटचे प्रकरण पुन्हा वाचताना नायकाच्या हातातील अवजाराकडे न पाहता तो घोड्यावरून उतरायला किती पाने घेतो, तेवढे पाहावे.