चॅटवर खेळायची काळोख्या परीकथेची रोल-प्ले मोहीम, कोकणातल्या गावात घडणारी: तयारी किती करावी?

पूर्ण कथानक लिहू नका. एक गाव, एक मोडलेला नवस आणि तो वसूल करायला आलेलं कुणीतरी, एवढं ठरलं की सुरुवात करा. दीड वर्ष पाच जणांना डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर खेळवतोय (ते एकेक पात्र होतात, बाकीचं जग मी चालवतो), त्यावरून सांगतो. समोरासमोर एका संध्याकाळी उरकणारा प्रसंग चॅटवर सहज दोन-तीन आठवडे खातो, त्यामुळे लांबलचक कथानक निम्म्यावरच मरतं.

उलट चॅटचा एक मोठा फायदा: शब्द राहतात. आम्ही प्रत्येक भाग गाऱ्हाण्याने, म्हणजे कोकणात देवापुढे सगळ्यांनी मिळून घालतात त्या मागण्याने, सुरू करतो. एक जण मागणं लिहितो, बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ टाकतात. एकाने लिहिलं, ‘माझं घर मला परत मिळू दे.’ मी महिन्याभराने वर स्क्रोल करून तेवढंच दिलं. घर मिळालं, चूल पेटलेली, पेजेचं भांडं वर. माणूस एकही नाही. त्या दिवशी गटात बराच वेळ कुणी काही टाईपच केलं नाही!

फासे कमी टाका. काम जमायला वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा जास्त लागत असेल, तर ते पडायची शक्यता फक्त 30 टक्के, आणि चॅटवर फसलेला प्रत्येक फासा खेळ दिवसभर अडवतो. फसला तरी काम होऊ द्या, किंमत मात्र घ्या.

एक पथ्य: गिऱ्हा, चकवा, हडळ ही भुतं बिनधास्त वापरा, पण खऱ्या गावाच्या राखणदाराचं, म्हणजे गाव राखतो असं मानतात त्या देवाचं, नाव नको. तिथल्या लोकांसाठी तो खेळ नाही.